एकट्यानं मुलं वाढवताना शिक्षक व्हावं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी एकाच विषयावरची पाच पत्रं निवडली आहेत. पाचही मुलांना एकट्यानं वाढवणाऱ्या वाचकांची आहेत आणि सगळी महाराष्ट्रातली, त्यामुळे नियम आणि आकडे इथलेच आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : मी ३३ वर्षांची, बी.एस्सी. आहे. घटस्फोट झाला आहे. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. एका खासगी ऑफिसात १७ हजारांवर काम करते आणि घरी यायला साडेसात होतात. आई सोबत असते, पण तिचे गुडघे दुखतात. सगळे म्हणतात, "बी.एड. कर, शिक्षिकेची नोकरी बाईला बरी, अर्धा दिवस काम आणि वर सुट्ट्या." नोकरी सोडून बी.एड. करू का? मी खुल्या प्रवर्गातली आहे.

उत्तर : "अर्धा दिवस" हे डोक्यातून काढून टाका, म्हणजे बाकीचा हिशेब सरळ मांडता येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा कामाचा आठवडा ४५ तासांचा धरला आहे, तयारीचा वेळ त्यातच. प्रत्यक्षात हे तास कुठे जातात ते पाहा. माध्यमिक शाळेत विज्ञानाच्या शिक्षिकेकडे चार तुकड्या आल्या आणि तुकडीत ५० मुलं असली, तर वह्या होतात २००. एका वहीला दोन मिनिटं दिली तरी एकदा तपासायला पावणेसात तास लागतात. दोन मिनिटांत होतं काय? तारीख पाहायची, आकृतीला नावं दिली आहेत का बघायचं, एक चूक लाल पेनानं गोल करायची आणि सही. शेरा लिहायचा तर तिसरं मिनिट. सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेला आठ मिनिटं धरा, म्हणजे साडेसव्वीस तास झाले, आणि निकालाची तारीख पुढे ढकलता येत नाही. शिवाय पाठ टाचण, नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं असतंच. कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकाला देता येतात. मतदानाच्या आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर जावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी ते जमा करून सुटका होईपर्यंत रात्र होते. त्या रात्री मुलं कोणाकडे, याचं उत्तर आजच ठरवून ठेवावं लागतं.

सुट्ट्यांचं मात्र खरं आहे. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेत जाणाऱ्या मुलांना पाळणाघरात ठेवावं लागत नाही, हा एकट्या पालकासाठी फार मोठा दिलासा आहे. त्यातही एक मेख आहे. राज्यात फेब्रुवारी २०२४ च्या आदेशानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत असं ठरलं. तुम्हाला माध्यमिक शाळेत सकाळचं सत्र मिळालं तर तुम्ही सातला वर्गावर आणि मुलांची शाळा नऊला. मधले दोन तास आईच्या गुडघ्यांवर येतात. म्हणून शाळा निवडताना पगाराआधी सत्राची वेळ विचारा.

आता बी.एड. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि पूर्णवेळ आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे वर्षाला किमान २०० दिवस, आठवड्याला किमान ३६ तास, उपस्थिती ८० टक्के आणि आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावासाठी, ९० टक्के. आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची असते, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. आठवड्याचे सहा दिवस धरले तर १२० दिवस होतात आणि त्यांतले जास्तीत जास्त १२ तुम्ही चुकवू शकता. चार वर्षांच्या मुलाला पावसाळ्यात दोनदा ताप आला आणि मुलीला एकदा कांजिण्या झाल्या, तर हे बारा दिवस संपतात. बी.एड. बहुतेक अडतं ते इथे, परीक्षेत नव्हे. प्रवेशाआधी महाविद्यालयात जाऊन दोन गोष्टी विचारा : आंतरवासितेच्या शाळा किती लांब असतात, आणि विद्यार्थिनीला घराजवळची शाळा मागता येते का. बरीच महाविद्यालयं विनंती ऐकतात, पण यादी लागायच्या आधी केलेली.

"फक्त परीक्षेला या, हजेरी आम्ही बघतो" असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. ऑफिसच्या पगारपत्रकावर आणि महाविद्यालयाच्या हजेरीपटावर एकाच दिवशी तुमचं नाव असेल, तर पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत ते उघडं पडू शकतं. त्याहून वाईट म्हणजे, सोळा आठवडे वर्ग न सांभाळता तुम्ही थेट पन्नास मुलांसमोर उभ्या राहाल. मुक्त विद्यापीठाचा विचार मनात आला असेल. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.एड. सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी आहे, बाहेरून येणाऱ्यांना ती वाट नाही.

तुमच्या बाबतीत खरा पेच वयाचा आहे. सरकारी भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा आहे. यंदा सीईटी, म्हणजे बी.एड.ची प्रवेश परीक्षा, देऊन प्रवेश घेतलात तर बी.एड. संपेपर्यंत तुम्ही छत्तिशीच्या आसपास असाल. जिल्हा परिषदा आणि अनुदानित शाळांमधली भरती पवित्र पोर्टलवरून होते. त्यासाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, द्यावी लागते. ती चाचणी पहिल्यांदा २०१७ मध्ये झाली, दुसरी २०२२ ची २०२३ च्या सुरुवातीला आणि तिसरी २०२५ मध्ये. म्हणजे आठ वर्षांत तीन. तुमच्या हातात एक चाचणी येईल, दोन आल्या तर नशीब. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवारानं हे आधी कागदावर लिहून मग पुढे जावं.

चाचणीतून निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला दरमहा १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार आहे. म्हणजे दोन वर्षं शिकून, वाट पाहून, परत आजच्याच पगाराच्या आसपास यायचं आणि तिथे तीन वर्षं थांबायचं. त्यानंतर चित्र पालटतं. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे प्राथमिकचं मूळ वेतन २९,२०० पासून आणि माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधरांचं ३८,६०० पासून सुरू होतं, वर महागाई आणि घरभाडे भत्ता. मुलगी तेव्हा दहावीच्या आसपास असेल. तिच्या कॉलेजच्या खर्चाला हा पगार नेमका वेळेवर येतो. ही जमेची बाजूही तितकीच खरी आहे.

पैशांचा हिशेब २४ महिन्यांचा करू नका, ३६ चा करा. निकाल, चाचणी, नियुक्ती यांत एक वर्ष सहज जातं. घरखर्च महिन्याला १५ हजार असेल तर ५ लाख ४० हजार लागतात. पोटगी दर महिन्याला बँकेत जमा होत असेल तरच ती यात धरा, कागदावरची धरू नका. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक असलेल्या मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. तो आजच करा, पण पैसे महिन्याच्या महिन्याला येतील असं गृहीत धरून किराणा भरू नका. फीसाठी जुलै २०२४ चा शासन निर्णय वाचा. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुम्ही खुल्या प्रवर्गातल्या, म्हणून आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र तहसीलमधून आधी काढावं लागेल. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतलीत तर ही सवलत जाते.

आमचं मत असं : यंदा सीईटीचा अर्ज भरा, नोकरी सोडू नका. परीक्षा १०० प्रश्नांची आणि दीड तासाची आहे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, नोकरी सांभाळून तयारी होते. गुण चांगले आले, घराजवळचं महाविद्यालय केंद्रीभूत प्रवेशात मिळालं आणि सकाळी मुलांना सोडायला आईशिवाय दुसरं माणूस सापडलं, तर नोकरी सोडा. यांतलं एखादं जमलं नाही तर धाकटा पहिलीत जाईपर्यंत थांबावंसं वाटेल. पण वयामुळे ते थांबणं तुम्हाला सरकारी भरतीतून बाहेर काढेल. मग लक्ष्य विनाअनुदानित खासगी शाळांचं ठेवा, तिथे भरतीची ही वयोमर्यादा आडवी येत नाही.

प्रश्न : पतीच्या निधनानंतर माहेरी राहते. डी.एड. झालेलं आहे, वय २९, मुलगा सहा वर्षांचा. टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) पहिल्या पेपरला दोनदा ८४ आणि ८६ गुण पडले. मुलगा झोपल्यावर रात्री अभ्यास करते. आता पुन्हा बसावं का? आणि लागले तर लांबची जिल्हा परिषद घ्यावी का?

उत्तर : बसा. ९० ला तुम्ही चार गुणांनी हुकलात, हे अंतर अभ्यासाच्या पद्धतीनं भरून निघतं. मागासवर्गीयांसाठी पात्रता ५५ टक्क्यांवर असते. तुमचं जातीचं प्रमाणपत्र असूनही अर्जात नोंदवायचं राहिलं नाही ना, हे आधी तपासा.

पेपर १५० गुणांचा, वेळ १५० मिनिटं. बालमानसशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. बहुतेक जणी गणितावर महिने घालवतात आणि इंग्रजी "येईल तेवढं येईल" म्हणून सोडतात. खरं तर उताऱ्यावरचे प्रश्न सरावानं सुटतात. गणितात सहा गुण वाढवायला लागणाऱ्या वेळेच्या निम्म्या वेळात ते इंग्रजीत वाढतात. मागच्या दोन्ही वेळचे विभागवार गुण समोर ठेवा. जो विभाग १५ च्या खाली आहे तिथूनच सुरुवात करा. गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही. शेवटची पाच मिनिटं फक्त रिकामे गोल शोधायला राखून ठेवा.

रात्रीचा अभ्यास थांबवा असं आम्ही सुचवू. दिवसभर मुलाच्या मागे धावून दहा वाजता उघडलेलं पुस्तक डोळ्यांसमोरून नुसतं जातं. पहाटे ४० मिनिटं आणि मुलगा शाळेत असताना ४० मिनिटं, एवढं रोज पुरतं. त्याशिवाय रविवारी एक संपूर्ण प्रश्नपत्रिका अडीच तास एका जागी बसून सोडवायची. त्या अडीच तासांसाठी मुलाला माहेरच्या कोणाकडे तरी द्या आणि शक्य झालं तर घराबाहेर बसा, वाचनालयात किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गात. घरात बसलात की "आई" अशी हाक येणारच. वर्षभर शिकून परीक्षेत वेळ न पुरण्याचं कारण हेच असतं, सलग बसायची सवय मोडलेली असते. प्रमाणपत्र आता आजीवन ग्राह्य आहे, त्यामुळे एकदा मिळालं की सुटलात. केंद्राची सीटीईटीही द्या. तीही १५० गुणांची आहे आणि पात्रता म्हणून राज्यातही चालते.

डी.एड. झालेल्यांसाठी एक गोष्ट सध्या अनुकूल आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही अर्हता चालणार नाही असा निकाल दिला. या वर्गांसाठी आता तुमचीच पदविका लागते.

लांबच्या जिल्ह्याबद्दल : प्राधान्यक्रम भरताना फक्त माहेरच्या जिल्ह्यावर अडून बसू नका, पण नकाशा पाहिल्याशिवाय पसंती टाकूही नका. जिल्हा परिषदेत शाळा मिळते ती नंतर, समुपदेशनात (रिक्त शाळांतून निवड करायच्या बैठकीत), आणि ती तालुक्याच्या टोकाला असू शकते. तुमच्या बाजूचा नियम असा की जिल्हांतर्गत बदल्यांत विधवा आणि परित्यक्ता किंवा घटस्फोटित शिक्षिका विशेष संवर्ग भाग एकमध्ये येतात. बदलीच्या पोर्टलवर त्यांना सर्वसाधारण शिक्षकांच्या आधी संधी मिळते. त्यासाठी पतीचा मृत्यू दाखला आणि पुनर्विवाह केलेला नसल्याचं स्वयंघोषणापत्र लागू शकतं, दोन्हींच्या प्रती तयार ठेवा. जिल्हा बदलून माहेरी येणं मात्र नंतर जमेल असं धरून चालू नका. म्हणून शेजारचे दोन-तीन जिल्हे वर ठेवा आणि चारशे किलोमीटरवरचा जिल्हा पगार सारखाच म्हणून घेऊ नका.

मुलाला तुमच्याच शाळेत घालायचं असेल तर घाला, लहान वयात ते सोयीचं असतं. फक्त तुमच्या वर्गात त्याला ठेवायची वेळ येऊ नये. द्विशिक्षकी शाळेत कधी कधी पर्याय नसतो. तेव्हा त्याची वही आणि पेपर सहशिक्षकांकडून तपासून घ्या. मुलांना पक्षपाताचा वास लगेच येतो आणि त्रास तुमच्या मुलालाच होतो.

प्रश्न : लग्नाआधीचं नाव गुणपत्रिकांवर, नवऱ्याचं आडनाव आधारवर, आणि आता घटस्फोटानंतर पुन्हा माहेरचं नाव लावते. पोर्टलवर अर्ज भरताना काय लिहू? नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र माझ्या उत्पन्नावर मिळेल का?

उत्तर : अर्जात दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव लिहा. पडताळणीत सगळ्यात आधी तेच पाहिलं जातं. आधार आणि पॅन त्याच नावावर आणून घ्या, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जोडून. मधल्या काळातले अनुभवाचे दाखले किंवा बँक खातं सासरच्या नावानं असेल, तर राजपत्रातली नावबदलाची अधिसूचना सगळ्यांत खात्रीची. ती ऑनलाइन अर्जानं मिळते. हे काम अर्जाची शेवटची तारीख आल्यावर करता येत नाही, आत्ताच उरका.

नॉन-क्रीमीलेयरसाठी स्त्रीचे आईवडील काय करतात आणि त्यांची मिळकत किती हे पाहतात, पतीची नाही. जातीचं प्रमाणपत्रही वडिलांच्या बाजूनंच निघतं. वडील हयात नसतील तर त्यांची कागदपत्रं भावाकडे किंवा काकांकडे असतात. भांडण असलं तरी ती आधी मिळवा.

प्रश्न : पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगी दहा वर्षांची. मी एका अनुदानित शाळेत रुजू होण्याचा विचार करतोय. बालसंगोपन रजा बायकांनाच असते का?

उत्तर : नाही. २०१८ च्या शासन निर्णयानं राज्यात १८० दिवसांची बालसंगोपन रजा आली आणि ती पत्नी हयात नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही आहे. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत ती घेता येते. जिल्हा परिषद आणि मान्यताप्राप्त अनुदानित शाळांच्या शिक्षकांना ती लागू आहे. विनाअनुदानित शाळेत ती धरून चालू नका, आणि शिक्षण सेवक असतानाच्या तीन वर्षांतही नाही. अर्ज करताना मुलीचा जन्मदाखला आणि पत्नीचा मृत्यू दाखला जोडा. दहावीची परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून रजा राखून ठेवणारे बरेच असतात. पण मुलगी दहाची आहे, पुढच्या दोन-तीन वर्षांत तिला पाळी येईल. तेव्हा घरी कोण असेल आणि ती कोणाशी बोलेल, याचा विचार रजेच्या हिशेबाइतकाच करा. आत्या, मावशी किंवा विश्वासातली शेजारीण, कोणाला तरी आत्ताच मोकळेपणानं विचारून ठेवा.

प्रश्न : बी.ए. आहे, बी.एड. नाही. जवळच्या इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळेनं ९ हजारांवर नोकरी देऊ केली आहे, मुलाची निम्मी फी माफ. घरी संध्याकाळी शिकवण्या घेऊन उरलेलं भागवता येईल असं वाटतं. सही अजून केलेली नाही, पण जायला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच इतका थकवा आला की घरी मुलावर ओरडले. हे आपलं काम नाही, असं समजायचं का?

उत्तर : पहिल्या आठवड्यावरून काहीच ठरवू नका. पाच-सहा तास उंच आवाजात बोलायची घशाला सवय नसते आणि सतत चाळीस जणांकडे बघायची डोक्याला. सत्र संपेपर्यंत थांबा, तेव्हा खरं कळतं. तोवर थोडं तंत्र लागतं. वर्ग गप्प करायला आवाज चढवू नका. फळ्याजवळ उभं राहून हात वर करा आणि शेवटचा मुलगा गप्प होईपर्यंत बोलूच नका. पहिले तीन दिवस यात वेळ जातो, चौथ्या दिवशी अर्ध्या मिनिटात वर्ग शांत होतो. पाण्याची बाटली टेबलावर ठेवा आणि दर तासाला दोन घोट घ्या. घसा सलग दोन आठवडे बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. वह्या ऑफ तासाला शाळेतच तपासायच्या, घरी आणायच्या नाहीत. रोज एक रांग, दहा वह्या, असं लावलं की चार दिवसांत वर्ग संपतो. घरी आल्यावर पहिला अर्धा तास कोणाशीच शाळेतल्या आवाजात बोलायचं नाही. मुलाला सांगून ठेवा, "आई चहा पिऊन होईपर्यंत थांब, मग तुझं सगळं ऐकते." सहा-सात वर्षांच्या मुलाला हे कळतं, फक्त चहा झाल्यावर खरंच ऐकावं लागतं.

शिकवण्यांचा बेत मात्र सोडा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. अनेक जण घेतात हे खरं, पण तक्रार झाली की नोकरी जाते ती तुमची. वरचं उत्पन्न हवंच असेल तर शाळेबाहेरचं दुसरं काहीतरी शोधा.

नऊ हजारांचा सौदा एका वर्षासाठी चालेल, कायमचा नाही. वर्षभरात तुम्हाला वर्ग जमतो की नाही हे फी न भरता कळेल, आणि हे कळायची बी.एड.च्या आधीची दुसरी सोय नाही. सही करण्यापूर्वी मात्र काही गोष्टी लेखी घ्या. मे महिन्याचा पगार मिळणार का? बऱ्याच ठिकाणी दहा महिन्यांचाच देतात, आणि मग तुमचे नऊ हजार सरासरीनं साडेसात होतात. फीची सवलत नेमक्या कोणत्या रकमेवर, बस आणि पुस्तकं धरून की सोडून? नोकरी सोडली तर सवलतीचे पैसे परत मागणार का? पगारपत्रकावर हातात पडते त्यापेक्षा जास्त रकमेवर सही मागितली तर करू नका. मूळ प्रमाणपत्रं "जमा" ठेवायला सांगितली तर झेरॉक्स द्या, मूळ दाखवून लगेच परत घ्या. ती अडकली की सीईटीचा प्रवेशही अडकतो. आणि अनुदानित पदावर "नंतर घेऊ, आत्ता इतके लाख द्या" असं कोणी म्हणालं तर उठून या. तिथली भरती पोर्टलवरून होते आणि त्या पदाला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते. दिलेल्या पैशांची पावती कोणी देत नाही.

एक काम याच आठवड्यात करा. मुलगा शाळेत आजारी पडला तर त्याला आणायला जाऊ शकतील अशा तीन माणसांची नावं आणि फोन मुलाच्या शाळेत लेखी देऊन ठेवा, घराची एक किल्ली त्यांच्यातल्या एकाकडे द्या. वर्गावर असताना तुमचा फोन बंद असतो. मुलाला काही झालं आणि कोणाला कळवताच आलं नाही तर, या धाकानंच काही जणी पहिल्या सत्रात नोकरी सोडतात.